ट्रॅक आता आमच्यासाठी थांबतो

ट्रॅकवर गाणं म्हणजे रसिकांची फसवणूक, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आलो. पांढुर्णा-सौंसरकडच्या गणपती-नवरात्राच्या मंडपांत हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवताना, पेनड्राइव्हवरच्या संगीतावर गाणाऱ्यांचा मला राग यायचा. आज आमच्याच स्टेजवर लॅपटॉप असतो आणि त्यातून काही वाद्यं वाजतात. मत का बदललं, ते आपल्या भागातल्या वादकांना आणि मंडळांना मोकळेपणानं सांगायचं आहे.

माझा आक्षेप होता लयीबद्दल. आपल्याकडे कान तयार होतो तो खंजिरी भजनावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ही परंपरा विदर्भातून इथवर गावोगाव रुजलेली. भजन संथ सुरू होतं, मागचे साथ धरतात, टाळ्या पडू लागतात आणि लय चढत जाते. किती चढायची, ते त्या रात्री जमलेली माणसं ठरवतात. पेनड्राइव्हवरचं गाणं मात्र सलग. गायकाला श्वास घ्यायला जरा उशीर झाला की अंतरा पुढे निघून गेलेला. समोरून ‘वन्स मोअर’ आला तरी मुखड्यावर परतायची सोय नाही.

हा आक्षेप ढिला पडला तो आमच्या ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या पोरानं एबलटन लाइव्ह उघडून दाखवलं तेव्हा. बर्लिनच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर 2001 पासून बाजारात आहे, आणि ते मुळात स्टेजवर वाजवण्यासाठी केलेलं आहे. त्यात त्यानं गाण्याचे तुकडे पाडले होते: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, मधलं म्युझिक, अंतरा, शेवट. मधल्या म्युझिकच्या शेवटच्या आवर्तनाला लूप लावलेला. गायिका हवा तेवढा आलाप घेते, लोकांशी दोन शब्द बोलते; तोवर तेवढंच आवर्तन फिरत राहतं. तिनं मान हलवली की मी पायानं पेडल दाबतो. पेडल आवर्तनात कुठेही दाबलं तरी पुढचा तुकडा समेवरच उचलला जातो, कारण सॉफ्टवेअरला तसं सांगून ठेवलेलं असतं. ‘वन्स मोअर’ आला की त्याच पेडलांवरून पुन्हा मुखडा. ज्या गोष्टीसाठी मी ट्रॅकला नावं ठेवत होतो, तीच आता आमच्या हातात होती.

मांडणी आमच्या ऐपतीतली आहे. ऑडिओ इंटरफेसला दोनच आउटपुट. सगळं संगीत डावीकडे, ते मिक्सरला जातं. क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, उजवीकडे; ती फक्त ढोलकी आणि ऑक्टोपॅडवाल्यांच्या इअरफोनमध्ये. स्टिरिओ जातो, पण मंडपात त्यानं फारसं बिघडत नाही. क्लिकच्या आधी ‘एक, दोन, तीन, चार’ असा आवाज भरून ठेवला आहे. दादऱ्याच्या गाण्यांना सहाचाच ठेका लावायचा, नाहीतर समेवरचा ठोका भलत्या जागी पडतो. कार्यक्रमाआधी वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद, बॅटरी पूर्ण.

गायिका ऐन वेळी म्हणते, “भाऊ, आज काळी दोन नाही जमत, पांढरी दोन घ्या.” पेनड्राइव्हवर हे ऐकायचीही सोय नव्हती. इथे लय तशीच ठेवून सूर अर्धा उतरवता येतो. फार उतरवलं तर वाद्यांचा आवाज बिघडतो; अर्ध्या-एका सुरापर्यंत मात्र कानाला खटकत नाही.

खर्चाचाही विचार करावा लागला. चार व्हायोलिनवाले नागपूरहून आणायचे तर येणं-जाणं, जेवण, मुक्काम आणि मानधन आलं. गल्लीतल्या मंडळाची वर्गणी त्यातच संपायची. म्हणून एकतर ती गाणी गाळायची, नाहीतर कीबोर्डवर कशीबशी भागवायची. आता व्हायोलिनचा ताफा आणि कोरस ट्रॅकवर असतो, आणि ढोलकी, खंजिरी, हार्मोनियम, बासरी जिवंत वाजते.

माझ्या जुन्या मतातलं थोडं मी सोडलेलं नाही. वादकाच्या पोटावर पाय येण्याची भीती खरी आहे. त्यासाठी आम्ही नियम केला: जे वाद्य वाजवणारा माणूस आपल्या पंचक्रोशीत आहे, ते ट्रॅकवर घ्यायचं नाही. ढोलकी ट्रॅकवर टाकली तर एक मानधन वाचतं, पण उद्या ढोलकी शिकायला पोरगं येणार नाही. आणि भजनाला लॅपटॉप बंद. चढत्या लयीला क्लिक बांधली की भजनाचा जीवच जातो, हे मला आजही तितकंच पटतं.

मंडळाची माणसं विचारतात, “तुम्ही ट्रॅकवर करता का?” मी हो म्हणतो, आणि कोणतं वाद्य ट्रॅकवर असेल, कोणतं स्टेजवर, ते सुपारी घेतानाच सांगतो. कार्यक्रम सुरू होताना निवेदकही ते माइकवरून जाहीर करतो. इतर मंडळींनीही एवढं करावं. ऐकणाऱ्याला आधी सांगितलं की फसवणुकीचा प्रश्न उरत नाही. मग आपण कसं वाजवतो, एवढंच त्यांनी पाहावं.