भ्रमणगाथेच्या जन्मभूमींत

अकोल्याहून उत्तरेस निघालें म्हणजे प्रथम पूर्णा लागते. पुढें अकोट, मग अंजनगांव, आणि शेवटीं सातपुड्याच्या पायथ्याशीं परतवाडा. काळी जमीन, कपाशी, संत्र्यांचे बगीचे आणि समोर निळसर दिसणारी गाविलगडची रांग. याहून अधिक वर्णनीय असें या वाटेंत प्रवाशास फारसें आढळणार नाहीं. तथापि मराठींतील एका उत्कृष्ट प्रवासकादंबरीच्या कर्त्याची ही जन्मभूमि असल्यामुळें, येथून जातांना त्या ग्रंथाचें स्मरण आम्हांस झाल्यावांचून राहत नाहीं.

तो ग्रंथ म्हणजे गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. दांडेकर १९१६ सालीं परतवाड्यास जन्मले. वयाच्या तेराव्या वर्षीं स्वातंत्र्याच्या ओढीनें त्यांनीं घर सोडलें. पुढें ते गाडगेमहाराजांच्या सहवासांत राहिले. महाराजांचें जन्मगांव शेंडगांव हें याच अंजनगांवच्या परिसरांतलें. नंतर त्यांनीं सातपुड्यापलीकडील नर्मदेची परिक्रमा केली. त्या अनुभवावर ही कादंबरी उभी आहे.

परिक्रमेचे नियम कडक. नदी सदैव उजव्या हातास असावी, पात्र मध्येंच ओलांडूं नये, संचय करूं नये, भिक्षेवर निर्वाह करावा. अमरकंटकापासून सागरापर्यंत नर्मदेची लांबी सुमारें १,३१२ किलोमीटर, आणि चालावयाचे ते दोन्ही तीर! इतर साहसकथांत नायक कांहीं तरी जिंकून आणतो. येथें जिंकावयाचें असें कांहींच नाहीं. 'कोऽहम्' हा प्रश्न आम्ही पाठशाळेंत घोकला होता. तो पायांनीं चालून सोडवावा लागतो, हें या ग्रंथानें आम्हांस पटविलें. निसर्गवर्णनाचा मोह ग्रंथकारांस क्वचित् आवरत नाहीं, पण उपदेशाचा मोह त्यांनीं आवरला आहे.

असलें पुस्तक घरांतील तरुणांच्या हातीं द्यावें काय, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनीं काढली. मुलगा घर सोडून गेला तर? ही शंका पोकळ नव्हे. ज्या घरांतून तेरा वर्षांचा मुलगा निघून जातो, त्या घरच्या मातेची अवस्था आम्ही जाणतों. परंतु परिक्रमावासी चालतो तो कोणाच्या बळावर? तीरावरच्या गृहस्थांनीं सदावर्त घातलें, गृहिणीनें पीठमीठ दिलें, म्हणून. भटक्याची गाथा ही अशा रीतीनें संसारी माणसांचीही गाथा आहे. शिवाय परिक्रमा जेथून उचलली तेथेंच पुरी होते. स्वतः दांडेकरही पुढें तळेगांव दाभाडे येथें संसार थाटून राहिले, आणि तेथेंच लेखन केलें.

१९८१ सालीं अकोल्यास मराठी साहित्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं दांडेकरच होते. तेरा वर्षांचा पळून गेलेला पोर वऱ्हाडनें असा सन्मानानें घरीं आणला. त्यांच्या 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरींत वऱ्हाडी बोली आहे, हेंही येथल्या वाचकांनीं विसरूं नये.

नर्मदेचे जुने काठ आतां पूर्वीसारखे उरले नाहींत. मोठ्या धरणांच्या जलाशयांत अनेक गांवें गेलीं. २००४ सालीं हरसूद हें सबंध नगर उठलें. तो जुना मार्ग आतां बराचसा अशा ग्रंथांतूनच चालावा लागेल. म्हणून आमची सूचना एवढीच: दिवेलागणीनंतर वडील मंडळींनीं ही गाथा मोठ्यानें वाचावी, आणि तरुणांनीं ती ऐकावी. मग एखाद्यास चालावेंसें वाटलें, तर शिदोरी बांधून द्यावी आणि परतीची वाट पाहावी.