वडवणीच्या थांब्यावर

गेल्या कार्तिकात परळीस वैजनाथाच्या दर्शनाला जाण्याचा योग आला. योग म्हणण्यापेक्षा गरज म्हटले तर अधिक खरे होईल. आमचे धाकटे बंधू हृदयविकाराने अंथरुणास खिळले होते. डॉक्टरांचे उपचार व्यवस्थित चालू होते. परंतु तेवढ्याने घरातील वडील मंडळींच्या जिवास स्वस्थता नव्हती. मातोश्रींनी वैजनाथास लघुरुद्र बोलला, आणि निवृत्त म्हणजे रिकामा या न्यायाने तो करवून आणण्याचे काम आमच्याकडे आले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ज्याच्या नावातच वैद्यपण आहे त्याच्याकडे रोग्याची फिर्याद न्यावी, हे आम्हांसही पटले.

बीडहून परळीकडे जाणारी वाट घाटसावळी, वडवणी, तेलगाव, सिरसाळा अशी उतरते. बालाघाटच्या उघड्या टेकड्या, मध्येच कापसाने पांढरी झालेली काळी जमीन, आणि पुन्हा माळ. वडवणी हे १९९९ साली तालुक्याचे ठाणे झालेले गाव. यात्रेकरू त्या गावास ओलांडून जातो, तेथे उतरत नाही. आम्हीही उतरलो नसतो. परंतु भाड्याच्या मोटारीचे चाक नेमके तेथेच बसले, आणि तास-दीड तास रस्त्याकडेला एका चहावाल्याच्या बाकावर काढावा लागला.

ते दिवस ऊसतोडीला निघण्याचे होते. दसरा-दिवाळी आटोपली की या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, जिला येथे ‘उचल’ म्हणतात, ती अंगावर फिटेपर्यंत नवरा-बायकोने मिळून ऊस तोडायचा. त्या जोडप्यास हिशेबात माणसे म्हणून नव्हे, तर ‘एक कोयता’ म्हणून धरतात. समोरच एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुली, पत्रे, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे एकावर एक रचली जात होती. गाठोड्यावर एक तिशीची बाई कंबरेला हात लावून बसली होती.

तिच्याजवळ दोन बायका व एक पुरुष येऊन उभे राहिले. पुरुषाच्या हातात काळ्या बांधणीचे पुस्तक होते, त्यावरून मंडळी कोण ते आम्ही ओळखले. त्यांतील वयस्क बाईने विचारले, “ताई, लई दुखतंय का? तुमच्यासाठी देवाला मागू का? चालंल का तुम्हांला?” बाईने नवऱ्याकडे पाहिले, मग मान हलविली. “नाव काय तुमचं?” बाईने सांगितले, पण त्याच वेळी एस.टी. गेली आणि आम्हांस ऐकू आले नाही. मग ती वयस्क बाई खाली मातीत बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि डोळे मिटून साध्या बोलीत, शेजारणीशी बोलावे तसे देवाशी बोलू लागली. भोवती पंधरा-वीस माणसे जमली. कोणी हसले, कोणी उगीच हात जोडले.

आमच्या कपाळास आठी पडली, हे लपवीत नाही. आमच्यासारख्या घरांतून हा संशय फार जुना आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती दीक्षा घेतली. धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागून मिशनऱ्यांकडे गेला होता. त्यास न्यायालयाने पित्याच्या हवाली केले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्याचा पक्ष धरला, तर सनातनी मंडळींनी बाळशास्त्र्यांवरच शस्त्र उपसले. पुढे याच नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलुखात, जालन्याजवळ, बेथेल नावाची वसाहत उभारली. तेव्हा मराठवाड्याला हा प्रकार नवा नाही. अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, रेव्हरंड टिळकांनी १८९५ नंतर कीर्तन आणि अभंग ही आपलीच साधने हाती धरून हे काम केले, म्हणून त्यांचे शब्द माजघरापर्यंत पोचले.

परंतु रोग्याच्या अंगावर हात ठेवून चारचौघांत प्रार्थना करणे ही गोष्ट निराळी. त्यांच्याच ग्रंथात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करू नये, खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे येशूने सांगितले आहे. चाक बदलेपर्यंत वेळ होताच. आम्ही त्या पुरुषास हे विचारले. तो ओशाळला नाही. म्हणाला, “खरं आहे, गुरुजी. पण हिला दार असलेली खोली कुठं आहे?” ट्रॉलीकडे पाहून आम्ही गप्प राहिलो.

“आणि बरे वाटले नाही तर?”

“नाही वाटलं तर नाही वाटलं. बरं करणं आमच्या हातात असतं तर आमच्या घरात कोणी आजारी पडलं नसतं.”

या उत्तराने आम्हांस केडगावची आठवण झाली. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट उसळली; तेथील मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत प्रार्थना करीत फिरत. तरीही रमाबाईंचे स्वतःचे बहिरेपण गेले नाही, आणि एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली, चाळिशीत, त्यांच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मागितले ते मिळत नाही, हे त्या घराइतके कोणास ठाऊक असणार?

चरकाने सूत्रस्थानात औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, प्रायश्चित्त यांच्या आश्रयाचे ते दैवव्यपाश्रय. आहार आणि द्रव्ये यांच्या योजनेचे ते युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितापासून आवरणे तो सत्त्वावजय. पहिल्याने दुसऱ्याची वाट अडवू नये, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही प्रार्थनेस वा कीर्तनास हात लावलेला नाही; सर्पदंशावर औषधोपचार अडवून मंत्र घालणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवली आहे. आमच्याही आळीत अंगारा लावून रोग्याचे दिवस घालविणारे पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा या कसोटीस कोणताच पंथ सोडू नये.

म्हणून पुढे काय होते याकडे आम्ही कान दिला. प्रार्थना संपल्यावर वयस्क बाईने विचारले, “डॉक्टर काय म्हणले?” ऊसतोडीची बाई म्हणाली, “पिशवी काढा म्हणत्यात. पुन्हा पुन्हा खाडे नकोत म्हणून मालकबी काढ म्हणतोय. कारखान्यावरून आल्यावर बघू.”

वाचकांस या वाक्याचा अर्थ सांगावयास हवा. पिशवी म्हणजे गर्भाशय. ऊसतोडीत एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, आणि पाळीचे दिवस, अंगावरून जाणे, कंबर धरणे यांस खाड्यावाचून इलाज नसतो. २०१९ साली सरकारने या जिल्ह्यातील ऊसतोड बायांची पाहणी केली. सुमारे ८२,००० बायांपैकी १३,००० हून अधिकांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींचे वय चाळिशीच्या आत होते. आम्ही वर्गात तीस वर्षे सांख्यदर्शनापासून गणितापर्यंत सारे शिकविले, पण हा आकडा वाचूनही आम्ही वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली होती.

वयस्क बाई म्हणाली, “खाजगीत नका काढू. आधी बीडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. परत आला की मला फोन करा, मी येते संगं.” आणि एका कागदावर आकडे लिहून तिने ते पदराच्या गाठीत बांधून दिले. चर्चला या, असे त्या वेळी तरी कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. म्हटले असते तर आमची आठी कायम राहिली असती, कारण दुखण्यावर धर्माचा सौदा करणे आम्हांस अजूनही निंद्य वाटते. आजारपणाची वाच्यता वीस माणसांत झाली, तेही रुचले नाही. तथापि त्या वीस माणसांत आम्हीही होतो, आणि तिला प्यायला पाणीदेखील आम्ही विचारले नव्हते.

ट्रॅक्टर गेला. आमचे चाकही बसविले गेले. तेलगाव मागे पडले तरी कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी परळीस अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या त्या देवळात लघुरुद्रास बसलो. संकल्पात गुरुजींनी बंधूंचे नाव, गोत्र, नक्षत्र घेतले, आणि हातावर उदक सोडण्यापूर्वी रीतीप्रमाणे विचारले, “आणखी कोणाच्या आरोग्यासाठी म्हणायचे?”

आम्ही म्हणालो, “एक बाई आहे. काल वडवणीस भेटली.”

“गोत्र?”

“ठाऊक नाही.”

“हरकत नाही, काश्यप म्हणू. नाव सांगा.”

पळीतले पाणी धरून गुरुजी थांबले होते. आम्हांस नाव सांगता आले नाही.