हौज तेवढा राहू द्या

शुक्रवारी रात्री रत्नागिरी स्टेशनावर कोकणकन्येची वाट पाहत आम्ही चौघे बसलो होतो. मुतवल्ली चाचांच्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागदच जास्त होते. गावच्या मशिदीचे फोटो, कंत्राटदाराने करून दिलेला नव्या मशिदीचा रंगीत नकाशा आणि जमातीच्या बैठकीचे इतिवृत्त. सोबत शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मस्जिद कमिटीतला एक तरुण आणि गावातल्या बायकांचे म्हणणे मांडायला आपा.

आमची मशीद जुनी आहे. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, वर कौले आणि दाराशी हौज. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळते. एका तुळईला वाळवी लागली आहे. ईदला निम्म्या सफा रस्त्यावर येतात. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत आणि बायकांना नमाजाला जागाच नाही. आखातात कमावणाऱ्या मुलांनी पैसे देऊ केले आणि कंत्राटदार म्हणाला, सगळे पाडा, वर्षभरात स्लॅबची दुमजली मशीद उभी करून देतो. बैठकीत निम्मे लोक ‘पाडा’ म्हणाले, निम्मे गप्प बसले. गप्प बसलेल्यांपैकी एक म्हातारबाबा उठता उठता एवढेच म्हणाले, “मुंबईत एवढ्या जुन्या इमारती उभ्या आहेत. तिथे काय पाडायचं आणि काय ठेवायचं, हे कोण ठरवतं?” कुणालाच उत्तर देता आले नाही. त्या एका प्रश्नासाठी हा प्रवास होता.

पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. वेटिंग रूमच्या एका कोपऱ्यात फजर अदा केली आणि बाहेर आलो. या स्टेशनात आम्ही शेकडो वेळा उतरलो असू, पण मान वर करून ते कधी पाहिले नव्हते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या नकाशाप्रमाणे 1878 ते 1888 अशी दहा वर्षे ही इमारत बांधली गेली. 2004 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. समोर महानगरपालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, 1893 साली पुरी झालेली. आणि डाव्या-उजव्या हाताला न शोधताच दिसणारी आपली अंजुमन-ए-इस्लाम. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 साली संस्था सुरू केली आणि 1893 मध्ये ती या घुमटांच्या इमारतीत आली. आजही तिथे मुले शिकतात. मास्तर बराच वेळ फाटकाशी उभे होते. म्हणाले, “इमारत जुनी म्हणून काम थांबलेलं नाही, बघा.”

आपांची भाची तिथेच आम्हाला भेटायला आली. ती वास्तुविशारद आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे करते. चहा आणि बनमस्का घेता घेता चाचांनी म्हातारबाबांचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. तिने कागद मागितला आणि सगळे उलगडून सांगितले.

मुंबईत 1995 साली वारसा इमारतींचे नियम लागू झाले. शहराच्या पातळीवर असे नियम करण्यात मुंबई देशात पहिली. त्या वेळी सहाशेहून जास्त इमारती आणि ठिकाणांची यादी झाली. यादीतल्या इमारतींच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत देशाच्या पातळीवर महत्त्वाच्या इमारती. आम्ही उतरलो ते स्टेशन त्यातलेच. तिथे आत किंवा बाहेर हात लावायचा तो फक्त इमारत मजबूत करायला आणि तिचे आयुष्य वाढवायला. दुसऱ्या श्रेणीचे दोन भाग आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’मध्ये आतले बदल बहुतेक करता येतात, बाहेरचे बदल तपासूनच. ‘ब’मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामही करता येते, फक्त ते जुन्याशी जुळणारे हवे. तिसऱ्या श्रेणीत आतून-बाहेरून बदल करायला बरीच मोकळीक असते. मात्र त्या वस्तीचा तोंडवळा बिघडता कामा नये.

“आणि ठरवतो कोण?” चाचा मूळ मुद्द्यावर आले.

“मालकाने आधी अर्ज करायचा,” भाची म्हणाली. “सोबत इमारत जशी आहे तसे मापून काढलेले नकाशे, फोटो, काय बदलायचं आहे त्याचे नकाशे, आणि इमारत कमजोर असेल तर इंजिनिअरचा अहवाल. ते मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातं. समितीत वास्तुविशारद असतात, स्ट्रक्चरल इंजिनिअर असतो, शहराचा इतिहास आणि पर्यावरण जाणणारे असतात. ते कागद बघतात, प्रश्न विचारतात आणि आपली शिफारस पालिका आयुक्तांना देतात.”

म्हणजे समिती सल्ला देते आणि परवानगी आयुक्त. आयुक्तांना समितीचे म्हणणे बाजूला ठेवायचे असेल, तर ते अपवाद म्हणूनच, आणि कारणे लेखी नोंदवून. हा अधिकार त्यांना हाताखालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. मास्तरांना ही गोष्ट फार आवडली. “नाही म्हणायचं तर कारण लिहायचं! आपल्या बैठकीत हे कधी झालं?” आम्ही इतिवृत्ताचा कागद पाहिला. त्यावर एकच ओळ होती: मशीद पाडून नवी बांधण्याचे ठरले. का पाडायची, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

तरुण मात्र अस्वस्थ होता. त्याने जे विचारले ते आमच्या सगळ्यांच्या मनात होते. “दगड-लाकूड वाचवायचं की माणसं? 2017 साली भेंडी बाजारजवळ पाकमोडिया स्ट्रीटवर इमारत कोसळली. तीसहून जास्त माणसं गेली. अशा वेळी समितीपुढे नकाशे घेऊन बसायचं का?”

भाचीने उत्तर लगेच दिले नाही. आधी ती आम्हाला काळा घोड्याकडे घेऊन गेली.

तिथे एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. एके काळचे वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इथे आणला आणि 1860 च्या दशकात उभा केला. 1896 च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे या देशात पहिल्यांदा दाखवली गेली, ती याच हॉटेलात. इमारत वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीच्या ‘अ’ भागात आहे. पण यादीत नाव असल्याने कुणी छत शाकारत नाही. पुढे तिच्या खोल्या झाल्या, भाडेकरू आले, मालक आणि भाडेकरूंच्या ओढाताणीत दुरुस्ती रखडत गेली. 2005 मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. इंजिनिअरांच्या एका अहवालाने पाडा म्हटले, तर संवर्धनाच्या जाणकारांनी दुरुस्त करता येईल म्हटले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

“आता तुझं उत्तर,” भाची तरुणाला म्हणाली. “नियम दुरुस्ती अडवायला नाहीत. पहिल्या श्रेणीतसुद्धा मजबुतीचं काम करता येतं. इमारत पडते ती समितीने प्रश्न विचारले म्हणून नाही, वीस-तीस वर्षं कुणी कौल बदललं नाही म्हणून. आणि जी खरोखर वाचण्यासारखी नाही, तिच्यातून माणसं आधी बाहेर काढायची. नकाशाचं नंतर बघता येतं.”

तिने तिच्याच कामातले एक उदाहरण सांगितले. तिसऱ्या श्रेणीतली एक चार मजली इमारत. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांना दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीत बसवून लाकडी जिन्याने उतरवावे लागे. लिफ्ट हवी होती. पहिल्या नकाशात ती दर्शनी बाजूला होती आणि त्यासाठी लाकडी सज्जे तोडावे लागणार होते. तेव्हा विचारणा झाली की मागच्या चौकात लिफ्ट बसत नाही का. मापे घेतली तर बसत होती. सज्जे राहिले आणि लिफ्टही झाली. उशीर झाला तो खर्च कुणी किती द्यायचा या भांडणात. आजोबा लिफ्ट पाहायला राहिले नाहीत. हे सांगताना ती थांबली आणि आपांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. समित्या, नियम, नकाशे यांच्या मागे शेवटी कुणाचे तरी आजोबा खुर्चीत बसलेले असतात.

नियमांवर रागावणारे लोकही कमी नाहीत. 2012 मध्ये यादी वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा दादर-शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी जोरात हरकती घेतल्या. आमच्या घरांचा पुनर्विकास अडकेल, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणूनच यादी ठरवताना लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. वारसा शहराचा असतो, पण गळके छत एका घराचे असते. त्या घराला बोलायला मिळालेच पाहिजे.

जुहरच्या वेळी आम्ही जामा मशिदीत पोहोचलो. आपा आणि भाची क्रॉफर्ड मार्केटकडे गेल्या. शेख मेमन स्ट्रीटच्या गर्दीतून आत शिरलो तर समोर पाण्याने भरलेला भला मोठा हौज. आम्ही वजूला बसलो. पाण्यात मासे फिरत होते. काळ्या दगडाच्या सोळा कमानी थेट त्या पाण्यातून वर येतात आणि सारी मशीद त्यांच्यावर उभी आहे. हौज खालच्या झऱ्यांनी भरतो.

नमाजानंतर तिथेच बसून मास्तरांनी या मशिदीची हकिकत सांगितली. मुंबईची पूर्वीची मशीद किल्ल्याबाहेरच्या मैदानालगत होती. 1770 च्या सुमारास इंग्रज गव्हर्नरच्या हुकमाने ती पाडली गेली. कुणाला विचारले नाही, हुकूम आला आणि मशीद गेली. मग 1775 च्या सुमारास या जागेवर नवी मशीद बांधायचे ठरले. जागा होती गोवा आणि कालिकतशी व्यापार करणाऱ्या एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. त्या जागेत जुने तळे होते. व्यापाऱ्याने मशिदीला जागा दिली, पण एक अट घातली: तळे जसेच्या तसे राहिले पाहिजे. बांधणाऱ्यांनी तळे बुजवले नाही, त्याच्यावरच मशीद उभारली. काम लांबत लांबत 1802 मध्ये पुरे झाले. पुढे 1837 मध्ये नाखुदा महंमद अली रोगे यांच्या मदतीने ती वाढवून वरचा मजला चढला. तळ्याच्या दगडी पायऱ्या 1893 च्या आहेत.

चाचा हौजाकडे पाहत राहिले. “म्हणजे वाढवली, मजला चढवला, पायऱ्या केल्या. सगळं बदललं. हौज तेवढा राहिला.”

आम्हाला म्हातारबाबांचे उत्तर मिळाले ते इथे. ना समिती होती, ना श्रेणी, ना अर्जाचा नमुना. जागा देणाऱ्याने आधी ठरवले की काय जाता कामा नये, आणि बाकीचे बांधणाऱ्यांच्या अकलेवर सोपवले. मुंबईची समिती आज तेच विचारते, फक्त नकाशे मागवून आणि कारणे लिहून. वक्फची चीज तर आपली नसतेच. कुणीतरी अल्लाहच्या नावाने दिलेली अमानत आपल्या हाती असते. तिच्यात बदल करायचा हक्क सांगण्याआधी देणाऱ्याने काय जपायला दिले होते, हे विचारायला नको का?

परतीच्या गाडीत भाचीने दिलेल्या कोऱ्या कागदावर आम्ही तीन रकाने पाडले. पहिला: काय राहिलेच पाहिजे. दुसरा: काय दुरुस्त करायचे. तिसरा: काय नव्याने हवे. पहिल्या रकान्यात हौज, लाकडी खांब आणि मेहराब. दुसऱ्यात वासे, कौले आणि वाळवी लागलेली तुळई. तिसरा रकाना आपांनी भरला: मागच्या मोकळ्या जागेत बायकांसाठी वेगळी खोली, तिला वेगळा दरवाजा आणि वजूची सोय, पुढच्या पायऱ्यांच्या बाजूने उतरती वाट. तरुणाने खाली स्वतःच्या हाताने लिहिले: इंजिनिअरने तपासून धोका सांगितला, तर दुरुस्ती होईपर्यंत जमात अंगणात. त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

गावी आल्यावर बैठक झाली. वाद झालेच. कुणी म्हणाले, आपल्या गावाला कुठली वारसा समिती, कोण विचारणार आहे आपल्याला? चाचा म्हणाले, “कुणी विचारणार नाही, म्हणूनच आपण विचारायचं.” कंत्राटदाराला नकार दिलेला नाही. आधी मशिदीची मापे आणि फोटो, मग इंजिनिअरची तपासणी, मग दोन्ही बाजूंचा खर्च, आणि त्यानंतर निर्णय, असे ठरले. या वेळी इतिवृत्तात कारणांसकट लिहिले गेले. बायकांच्या खोलीचे मात्र तिथेच पक्के झाले. मशीद राहो वा नवी होवो, खोली होणारच.

शेवट काय होईल, आज सांगता येत नाही. इंजिनिअरने तुळया काढा म्हटले तर काढाव्या लागतील. पण तुमच्या गावात जुनी मशीद असेल, मदरसा असेल, आजोबांचे माडीचे घर असेल, तर पाडण्याच्या बैठकीआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिला रकाना म्हाताऱ्यांना विचारून भरा आणि तिसरा बायकांना विचारून.

बैठक संपली तेव्हा अस्र झाली होती. म्हातारबाबा हौजाशी वजूला बसले होते. आम्ही त्यांना जामा मशिदीच्या हौजाची हकिकत सांगितली. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तोंडावर मारले आणि विचारले, “पाणी गोडं आहे का तिथलं?”

ते चाखायचे मात्र आमच्याकडून राहून गेले होते.