भंगारातली सीट आणि अब्बांचा पांढरा कुर्ता

अब्बांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं अमरावतीला जाणं बंद पडलं. अमरावतीत आमच्या फुप्पी राहतात, अब्बांच्या थोरल्या बहीण. वय ऐंशीच्या पुढे, सहा महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या. पूर्वी अब्बा दर महिन्याला अकोल्याहून त्यांना भेटून यायचे. आता एसटीचे धक्के सोसत नव्हते, आणि आमच्या जुन्या गाडीची पुढची सीट एवढी खचली होती की खालची पट्टी थेट कमरेला टोचायची. अमरावती-अकोला रस्त्याचं मध्यंतरी केवढं नाव झालं! जून 2022 मध्ये एका लेनच्या हिशेबानं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला, आमची सीट तशीच. फुप्पींचा फोन आला की अब्बा म्हणायचे, "येतो आपा, इन्शाअल्लाह." फोन ठेवला की बराच वेळ कोणाशी बोलायचे नाहीत.

नव्या सीटचा भाव ऐकून आम्ही दोघं दुकानातून चहा न घेताच उठलो. मग वाशिम बायपासकडच्या एका भंगारवाल्याकडे आमच्याच मॉडेलची गाडी सापडली. इंजिन बसल्यानं तोडायला आलेली, अपघातातली नव्हे. वरच्या व्हर्जनची, म्हणून सीट लेदरच्या. मॉडेल तेच असल्यानं बोल्टची भोकं जुळणार होती. दुसऱ्या गाडीची सीट वेल्डिंग मारून बसवू नये. अपघातात माणसाला सीट आणि बेल्टच धरून ठेवतात. सीटखाली पिवळा प्लग नाही ना, तेही पाहून घेतलं. पिवळी वायर एअरबॅगची असते, तिथे आपण हात घालायचा नसतो. पुढच्या दोन सीट 4,500 रुपयांत ठरल्या.

फोम शाबूत होता. पण लेदरचा रंग उडालेला, बसायच्या जागी बारीक भेगा, आणि एका कडेची शिलाई वीतभर उसवलेली. अब्बांनी तीस वर्षं कुशनचं काम केलं, मात्र ते रेक्झिनवर. त्यांनी सीटची खालची कड उलटवून दाखवली. रेक्झिनच्या मागे कापड असतं, लेदरच्या मागे मखमलीसारखी लव. बसायच्या भागाला लेदर निघालं, बाजूंना रेक्झिनच. कंपन्या बहुधा असंच करतात.

आम्हाला घाई झाली होती. काळ्या बूट पॉलिशच्या दोन डब्या आणून सीट चोळून चोळून चमकवली आणि गाडीत बसवली. दुसऱ्या दिवशी जुमा. अब्बा पांढराशुभ्र कुर्ता घालून मशिदीपर्यंत गाडीत बसले. उतरले तेव्हा पाठीवर काळा नकाशा! आम्हाला मान वर करवेना. घरी आल्यावर त्यांनी कुर्ता बदलला आणि एवढंच म्हणाले, "बेटा, मळक्या चादरीवर धुतलेली चादर टाकली, तर खालची धुतली जाते का?"

गाडीच्या लेदरवर रंगाचा पातळ थर असतो. पॉलिश त्याच्या आत मुरत नाही, वरच बसतं आणि कपड्याला लागतं. म्हणून आधी लावलेलं सगळं काढायचं होतं. शेजारच्या चाचांनी खोबरेल तेल सुचवलं. अब्बांनी हात जोडले. तेलावर रंग धरत नाही.

सीट पुन्हा खोलल्या. अब्बा खाटेवर पडून सांगायचे, आम्ही करायचो. आम्हा दोघांत एकाचा हात पान्याचा, दुसऱ्याचा सुईचा. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, ओल्या फडक्यानं पुसणं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस, खिडक्या उघड्या ठेवून. कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत दोन दिवस गेले. उसवलेली कड वाकड्या सुईनं, जुन्याच भोकांतून, नायलॉनच्या दोऱ्यानं शिवली. भेगांवर 800 नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हातानं फिरवला, फिलर पातळ भरला, वाळल्यावर पुन्हा घासला.

रंग मात्र लेदरचाच घेतला, पाण्यात मिसळणारा. मे महिना, अकोल्याचं ऊन. दिवस वर आला की रंग स्पंजवरच सुकायचा. म्हणून फजरच्या नमाजनंतर अंगणात, कडुलिंबाखाली काम चालायचं. पातळ पाच हात, प्रत्येक हात वाळला की पुढचा. जाड थर लवकर तडकतो, हे अब्बांनी तीनदा बजावलं. शेवटी वरून पारदर्शक लेपाचे दोन हात, म्हणजे रंग कपड्याला लागत नाही. मग दोन दिवस कोणालाही बसू दिलं नाही, नातवंडांनाही नाही. सगळ्या सामानाला 2,300 रुपये लागले, वाया गेलेल्या पॉलिशसकट.

जवळून पाहिलं तर भेगांच्या खुणा दिसतात. त्या पूर्ण जात नाहीत.

पुढच्या रविवारी पहाटे निघालो. अब्बांनी मुद्दाम तोच कुर्ता घातला होता; अम्मीनं चार वेळा धुऊनही पाठीवर फिकट डाग राहिलेला. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी पाठ वळवून विचारलं, "पाहा रे, नवा डाग आहे का?" नव्हता.

अमरावतीला फुप्पींनी खिडकीतून गाडी पाहायचा हट्ट धरला. त्यांना उशीच्या आधारानं बसवलं. बाहेर दार उघडं ठेवलेली गाडी, आत काळीभोर सीट.

"नवीन घेतली?"

"नाही आपा," अब्बा म्हणाले. "भंगारातली आहे. सुनेनं टाके घातले, पोरानं रंगवली. मी नुसता खाटेवरून ओरडत होतो."

फुप्पी हसल्या. आणि मग भावाचा हात धरून म्हणाल्या, "म्हणजे आता पुढच्या महिन्यातही येशील."

अल्हमदुलिल्लाह, गेलो. त्याच्या पुढच्या महिन्यातही.