खिशातले चेस्टनट

लेकीचा ताप उतरला, तरी अशक्तपणा होता; बालवाडी आणखी काही दिवस बंद. मग जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेनच्या क्लोस्टरझे तळ्याभोवती आम्ही रमतगमत फिरू लागलो. तिने खिसे भरून चेस्टनट आणले. मी पोहे भिजवेपर्यंत तिने त्यांची लहानमोठी रांग लावली, मोजली, मोडली, पुन्हा लावली. मी काहीच शिकवत नव्हते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीत सुरू झालेल्या त्यांच्या बालशिक्षणात पानं, बिया, शिंपले हीच साधनं होती.

वाटतं, लेकीचं हे घरीच शिकणं असंच चालू राहावं. पण जर्मनीत मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवायला कायद्याची परवानगी नाही. आम्ही राहतो त्याच राज्यातल्या एका कुटुंबाने धर्मश्रद्धेपोटी दाद मागितली, तेव्हा २००६मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ती फेटाळली. मुलांनी वेगळ्या विचारांच्या मुलांतही वाढावं, हे मला पटतं. तरी हुरहुर उरतेच. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

आमच्या राज्यात ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झाली, की त्याच वर्षी शाळा सक्तीची. येत्या सप्टेंबरात ती पहिलीत जाईल.