इंजिनात काच!

धुळीच्या वादळामुळे दुबईत फ्लाइट लेट झाली की आपण काय करतो? एअरलाइनला शिव्या घालतो, महागडी कॉफी घेतो आणि बॉसला मेसेज टाकतो. माझी मात्र पंचाईत होते. माझा दादा आखातात विमानांच्या मेंटेनन्सला आहे. आमच्या घरात धूळ हा जेवणाच्या टेबलावरचा विषय!

‘वाळूनं इंजिन बंद पडतं का रे?’ हा आईचा पेटंट प्रश्न. दादा म्हणतो, जाड वाळू त्यातल्या त्यात गरीब. पुढचा पंखा बरेचसे जाड कण कडेला भिरकावतो, ते गाभ्यात न शिरता मागून निघून जातात. खरी डँबिस ती मैद्यासारखी बारीक धूळ. उन्हाळ्यात इराककडून शमाल वारा सुटला की ती हवेत तरंगतच राहते. आत गेली की कॉम्प्रेसरच्या पात्यांना पॉलिशपेपरसारखी घासते. पुढे जळत्या वायूचं तापमान १५०० अंशांच्या वर, आणि धूळ वितळते १२००च्या आसपास. म्हणजे चक्क काच होते! ती टर्बाइनच्या पात्यांना चिकटते. पाती गार ठेवणारी बारीक भोकंही धुळीनं बुजतात आणि पातं भाजायला लागतं.

‘मग जाळी बसवा की!’ इति आई. हेलिकॉप्टरला असतात तशा गाळण्या. पण मोठं जेट इंजिन टेकऑफला सेकंदाला टनभर हवा ओढतं. तिथे गाळणी लावली तर त्याचाच दम कोंडेल.

पार्टीत सांगायला १९८२चा किस्सा मस्त. २४ जूनच्या रात्री इंडोनेशियात गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या जंबोची चारही इंजिनं बंद पडली. विमान खाली आलं, चिकटलेली काच गार होऊन तडकली, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि सगळे सुखरूप जाकार्ताला उतरले. वाळवंटातल्या धुळीत असला ड्रामा सहसा नसतो. ती महिनोन् महिने इंजिन कुरतडते. तेवढ्याच जोरासाठी जास्त इंधन लागतं, ओव्हरहॉल लवकर येतं. पाण्यानं इंजिन धुतलं की कॉम्प्रेसरची घाण जाते. काच नाही जात.

म्हणून दादा रात्री बोअरस्कोप, म्हणजे लांब नळीचा कॅमेरा, आत घालून एकेक पातं बघतो. मागच्या मे महिन्यात एका पात्याची कड जळालेली दिसली. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या जरा पलीकडे. ‘एक ट्रिप चालेल ना?’ वरून विचारणा झाली. पहाटेची फ्लाइट फुल्ल, निम्मी पब्लिक सुटीला घरी निघालेली. दादानं सही केली नाही. गेटवर आरडाओरडा झाला, त्यात दोनचार शिव्या अस्सल मराठीत होत्या, असं ग्राउंड स्टाफमधल्या मित्रानं त्याला नंतर सांगितलं. दादा तेव्हा हँगरमध्ये दुसऱ्या इंजिनात कॅमेरा घालत होता.