हेंककाकाची गोष्ट

‘तिशी आली गं तुझी, अजून फ्रीलान्सच?’ आत्याचा हा प्रश्न प्रत्येक लग्नात ठरलेला. परवाही झालाच. त्यात इनबॉक्समध्ये एका कंपनीची ऑफर पडून. पगार मस्त, काम कंटाळवाणं, उत्तर शुक्रवारपर्यंत.

डोकं शांत करायला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकं चाळत बसले आणि तिथे भेटला हेंड्रिक विलेम व्हॅन लून. ‘द स्टोरी ऑफ मॅनकाइंड’ची जुनी, कोपरे दुमडलेली प्रत. मुलांसाठी लिहिलेला जगाचा इतिहास, आणि चित्रंही त्यानंच काढलेली!

मग काय, डेडलाइन गेली खड्ड्यात, या बाबाची कुंडलीच काढली. जन्म १८८२, रॉटरडॅम. विशीत अमेरिकेत. १९०५ च्या क्रांतीच्या वेळी रशियात असोसिएटेड प्रेसचा बातमीदार. म्हणजे आपल्याच जातकुळीतला! १९११ मध्ये म्युनिकमधून डॉक्टरेट. मग पुस्तकं, लेक्चर्स, थोडे दिवस कॉर्नेल विद्यापीठात शिकवणं... मुक्काम कुठेच नाही. असा रेझ्युमे पाहून आजच्या एचआरवाल्यांनी नाकच मुरडलं असतं.

१९२१ मध्ये ‘मॅनकाइंड’ आलं तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. १९२२ मध्ये अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी न्यूबेरी मेडल सुरू झालं आणि पहिलंवहिलं मेडल त्यालाच!

आज वाचताना काही गोष्टी खटकतात. युरोपला पानंच्या पानं. आपल्या वाट्याला बुद्धाच्या प्रकरणापलीकडे फारसं काही नाही. पण माझा नऊ वर्षांचा भाचा दर पानाला विचारतो, ‘मावशी, मग पुढे काय झालं?’ इतिहासाच्या पुस्तकाला याहून मोठी पावती कोणती?

पुढे काय झालं ते सांगते. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले, शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. आपलं जन्मगाव जळलेलं हा ५८ वर्षांचा माणूस अमेरिकेतून नुसता बघत बसला नाही. शॉर्टवेव्ह रेडिओवर ‘ओम हेंक’, म्हणजे हेंककाका बनून तो मायबोलीत आपल्या माणसांशी बोलत राहिला. मार्च १९४४ मध्ये तो गेला. नेदरलँड्स मुक्त झालं मे १९४५ मध्ये. जेमतेम चौदा महिने कमी पडले.

म्हणजे शेवटी सगळं छान होतंच, असं काही नाही. पण मनापासून केलेलं काम वाया गेलं, असं मला तरी वाटत नाही.

ऑफरला काल ‘नाही’ कळवलं. मेल पाठवताना हात थरथरले, खोटं कशाला बोलू? आणि आत्या, ३९ व्हायला मला अजून अकरा वर्षं आहेत. पुढच्या लग्नात हेच सांगणार आहे.